एक्केचाळीस मिनिटांचा सामना

शुभांगीला फुटबॉल कळत नव्हता आणि ही गोष्ट ती कुणापासून लपवतही नव्हती. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला तीन वेगवेगळ्या माणसांनी समजावून सांगितलं होतं, तिन्ही वेळा तिनं मान डोलावली होती आणि तिन्ही वेळा घरी येईपर्यंत विसरली होती. तरीही त्या वर्षी मुळशी खोऱ्यातल्या नऊ कॉलेजांच्या मुलींच्या संघांत वर कोण आणि खाली कोण, हे ठरवायचं काम नेमकं तिच्याच गळ्यात आलं.

ती घोटावड्याची. वडील गेणबा अजून भात लावत, पण घर चालायचं ते रस्त्याकडेच्या नऊ खोल्यांच्या भाड्यावर. हिंजवडीला कामाला जाणारी पोरं त्या खोल्यांत राहत. शुभांगी पिरंगुटच्या वाटेवरच्या एका कॉलेजात अकरा वर्षं संख्याशास्त्र शिकवत होती. वर्गात पोरं जांभया द्यायची, पण कुणाचं पीक किती आलं, कुठली एसटी सरासरी किती उशिरा येते, असं काही काढून दाखवलं की जागी व्हायची. एवढ्या भांडवलावर तालुक्यात तिचं नाव झालं होतं.

जानेवारीच्या शेवटी हैबतराव तिला भेटायला स्टाफरूममध्ये आले. शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी गाठलेले, पण गळ्यातली शिट्टी अजून उतरलेली नाही. मुलींच्या फुटबॉल समितीचे ते अध्यक्ष होते.

"मॅडम, छत्तीस सामने व्हायचे व्हते," ते बसता बसताच म्हणाले, "झालेत तेवीस. एका मैदानावर बिल्डरनं पोकलेन घातला. एकावर लग्नाचा मांडव पडला, त्यो आठ दिस निघंना. आता दिवस सरले. रविवारच्या रविवार धरून म्होरल्या पंधरवड्यात उपांत्य सामने घ्यायचेत आन् तितं चारच संघ पायजेत."

"मग गुणांवर लावा ना, सर."

"तितंच तर भांडान हाय. कुणी सहा सामने खेळलंय, कुणी चार. कुणाच्या वाट्याला समदे दांडगे आले, कुणाला समदे लिंबूटिंबू. माले गावच्या पोरींना स्वतःचं मैदान धड न्हाई, त्या पयल्या तिन्ही नंबराशी खेळून बसल्यात. त्यांचे गुण किती? पाच. तुमच्या कॉलेजचे बारा. आता ह्याला न्याय म्हनायचा का, तुमीच सांगा."

शुभांगीला प्रश्न आवडला. खेळ नाही, प्रश्न. तिनं होकार दिला, पण एक अट घातली. पद्धत आधी सगळ्यांना सांगायची, नऊही कप्तानांच्या त्यावर सह्या घ्यायच्या आणि मगच निकालांची वही उघडायची. आकडे पाहिल्यानंतर पद्धत ठरवली तर ती पद्धत राहत नाही, सोय होते, हे ती वर्गात दरवर्षी सांगत आली होती.

पुढच्या शनिवारी पिरंगुटला एका शाळेच्या वर्गात सगळ्या कप्तान मुली जमल्या. शुभांगीनं फळ्यावर काही लिहिलं नाही. ती म्हणाली, "जत्रेतला आखाडा सगळ्यांनी पाहिलाय ना? नारळावरच्या कुस्तीत एखाद्यानं दहा जण लोळवले, म्हणून त्याला कुणी शेवटच्या कुस्तीला उभा करतं का? नाही करत. आणि एखादा नावाजलेल्या पैलवानाबरोबर पाऊण तास झुंजला आणि गुणावर हरला, तर लोक काय म्हणतात?"

"पोरगं तयारीचं हाय," मागून एक जण म्हणाली आणि वर्ग हसला.

"तेच मोजायचं आहे. तुम्ही प्रत्येक सामन्यात किती गोलांनी जिंकलात किंवा हरलात, त्याची सरासरी. त्यात तुमच्या समोर आलेल्या संघांच्या ताकदीची सरासरी मिळवायची. आता त्यांची ताकद कशावरून? त्याच पद्धतीनं, ते कुणाशी खेळले त्यावरून. मग त्यांच्या समोरच्यांची. असं फिरून फिरून करत राहायचं, आकडे हलायचे थांबेपर्यंत. आणि तीनच्या वर गोल मोजायचे नाहीत. पडलेल्याला किती तुडवलं, त्याला मार्क नाहीत."

पहिल्या बाकावर एक काटकुळी, उंच मुलगी वहीत भराभरा लिहीत होती. तिनं हात वर केला. "मॅडम, म्हंजी हरूनबी नंबर वर जाईल?"

"जाईल. कुणाकडून आणि कितीनं हरलीस, त्यावर आहे."

ती माल्याच्या कॉलेजची कप्तान आणि गोलकीपर, करिष्मा. तिची आजी बानूबाई अजून शेरडं राखायची, चुलता जालिंदर त्याच कॉलेजात खेळाचा शिक्षक होता आणि संघ त्यानंच उभा केला होता. करिष्मानं पुन्हा वहीत डोकं घातलं. नऊ सह्या झाल्या. शुभांगी समाधानानं घरी गेली.

समाधान दोन दिवस टिकलं. सोमवारी तिनं तेवीस निकाल भरले आणि आकडे स्थिर होईपर्यंत फिरवले. नेऱ्याचं इंजिनिअरिंग कॉलेज पहिलं, दोन पूर्णांक एक. त्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. दुसरा नंबर आणि तिसरा नंबरही अपेक्षेप्रमाणेच आले. चौथं आलं माल्याचं कॉलेज, शून्य पूर्णांक बासष्ट. पाचवं तिचं स्वतःचं, शून्य पूर्णांक चौपन्न.

तिनं तीन वेळा तपासलं. चूक नव्हती. माल्याच्या मुली पाच सामने खेळल्या होत्या, त्यातला एकच जिंकलेल्या. पण नेऱ्याशी त्यांनी एक-एक बरोबरी केली होती. त्या वर्षी नेऱ्याला कुणी रोखू शकलं नव्हतं, तिथं माल्यानं रोखलं होतं. त्या एका निकालानं सगळा संघ उचलून धरला होता. उलट तिच्या कॉलेजनं सहापैकी चार सामने जिंकले होते, पण ते तळातल्यांशी.

यादी समितीच्या ग्रुपवर टाकायच्या आधी ती प्राचार्यांना दाखवायला गेली. तसा रिवाज नव्हता, पण उद्या त्यांना बाहेरून कळलं असतं तर वाईट दिसलं असतं. प्राचार्या मृण्मयी मॅडम पुण्याहून रोज गाडीनं येत. त्यांनी यादी एकदा वरून खाली वाचली, मग चष्मा काढला.

"आठ शतांश," त्या म्हणाल्या. "आठ शतांशासाठी आपल्या मुलींनी घरी बसायचं?"

"उलटं असतं तर आठ शतांशावर आपण गेलोच असतो, मॅडम."

"ते तीन गोलांचं बंधन कशाला आहे? आपण एक सामना सात-शून्यनं जिंकलोय. ते काढून पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग?"

"आपण चौथे येतो. म्हणूनच काढता येत नाही."

मृण्मयी मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. रागावल्या नाहीत. "विचार कर. तू इथली आहेस, एवढंच म्हणते," असं म्हणून त्यांनी दुसरी फाइल ओढली. शुभांगी बाहेर आली आणि व्हरांड्यात उभं राहूनच तिनं यादी ग्रुपवर टाकली. आपण ताठ उभे राहिलो याचं तिला मनातून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी जालिंदरनं संघाचा फोटो टाकला. मुलींच्या कपाळांना गुलाल, मध्ये तो स्वतः, फेटा बांधून. खाली लिहिलं होतं, 'आकड्यानं न्याय केला.'

मंगळवारी सकाळी पहिल्या तासाआधी करिष्मा तिच्या विभागाच्या दारात उभी होती. माल्याहून पौडला एसटीनं, तिथून दुसरी गाडी, पुढं सहा सीटर. केस वाऱ्यानं विस्कटलेले. शुभांगीला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"बस. चहा घेतेस?"

"न्हाई मॅडम." तिनं वही काढली आणि टेबलावर उलटी फिरवून ठेवली, शुभांगीला वाचता येईल अशी. "तुमी सांगितलं तसं मी हातानं करून बघितलं. दुसऱ्यांचे आकडे तुमच्याच कागदावरचे घेतले. पाच सामन्यांचं तुमच्यासारखंच येतंय, बासष्ट. पर एक सामना काढला की पाव येतंय. शून्य पूर्णांक पंचवीस."

शुभांगीनं पाहिलं. बेरीज, भागाकार, सगळं नीट. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना जमलं नसतं. "कुठला सामना काढलास?"

"नेऱ्याचा."

"तो काढला तर उतरणारच. पण काढायचा कशाला?"

करिष्मा खिडकीकडं वळली. मग म्हणाली, "त्यो पुरा झालाच न्हाई."

आणि तिनं सांगितलं. डिसेंबरातला रविवार होता. सामना त्यांच्या कॉलेजमागच्या माळावर, कडेला मोठं उंबराचं झाड. सत्तर मिनिटांचा सामना. पहिल्या अर्ध्यात एक-एक झालेलं. दुसरा अर्धा सुरू होऊन सहा मिनिटं झाली आणि नेऱ्याला पेनल्टी मिळाली. त्यांच्या मुलीनं चेंडू ठेवला, चार पावलं मागं गेली आणि तेवढ्यात झाडावरचं आग्या मोहोळ उठलं. कुणी दगड मारला की घारीनं झडप घातली, कुणास ठाऊक. आधी सगळ्या पालथ्या पडल्या, मग उठून पळाल्या. जालिंदरच्या डोळ्यापाशी माशी चावली, डोळा टम्म सुजला. नेऱ्याच्या मुली तडक बसमध्ये चढल्या आणि काचा लावून घेतल्या. पंच एकनाथ काका, ते बसच्या खिडकीखाली कागद घेऊन उभे राहिले. नेऱ्याची कप्तान काच चार बोटं उघडून म्हणाली, एक-एक लिहा काका, आम्हाला काय फरक पडतोय. त्यांनी लिहिलं. दोघींनी सह्या केल्या.

"सही माझीच हाय," करिष्मा म्हणाली. "तवा मला वाटलं, बरंच झालं की. नंबर-बिंबर असं काय निघंल, हे कुणाला ठावं? पर आता तुमच्या कागदावर आमी त्या एका सामन्यावर वर गेलोय. बाकीच्या चारांत आमी पाव हाय, मॅडम. पावच."

"पेनल्टी तू अडवली असतीस कदाचित."

"अडवली असती न्हाई तर गेली असती. झालं तर काहीच न्हाई ना."

 तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही मुलगी आज आली नसती तर बरं झालं असतं. तो विचार तिनं मनात येऊ दिला, पाहिला आणि बाजूला सारला. दुसरा विचार जास्त टोचणारा होता. काल जे करायला तिनं प्राचार्यांना नकार दिला, तेच, स्वतःच्या कॉलेजला चौथं आणणं, आज तिला करावं लागणार होतं.

"तुझ्या चुलत्यांना माहीत आहे, तू इथं आलीस ते?"

"न्हाई. तेंचं म्हननं, पंचानं लिवलं म्हंजी झालं. तेंच्या जागी ते बरोबरच असतील." ती उठली. "मॅडम, माझं नाव सांगू नका. त्याच घरात ऱ्हायाचंय मला."

"नाही सांगणार," शुभांगी म्हणाली.

ती गेल्यावर शुभांगीनं एकनाथला फोन लावला. तो एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, भला माणूस, कुणाला दुखवायचं नाही एवढं एकच व्रत पाळणारा. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय, माश्या उठल्या व्हत्या. एक्केचाळीस मिंटं झालीवती, घड्याळ बघितलं व्हतं मी. दोघी म्हनल्या लिवा, मी लिवलं. का, काय झालं?"

मग हैबतराव. त्यांनी समितीचे नियम काढून आणले आणि फोनवर वाचले. साठ मिनिटांच्या आत थांबलेला सामना धरायचा नाही, पुन्हा खेळवायचा. "खेळवा मग," शुभांगी म्हणाली. "रविवारला अजून पाच दिवस आहेत." हैबतरावांनी नेऱ्याला विचारलं. नेऱ्याच्या मुलींच्या प्रात्यक्षिक परीक्षा शनिवारपर्यंत चालू होत्या. त्यांचा नंबर पहिला होता तो पहिलाच राहणार होता. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं.

"मंग काढा त्यो सामना," हैबतराव म्हणाले. "मॅडम, तुमाला ठावं हाय ना लोक काय म्हनतील?"

"माहीत आहे."

"ही बातमी दिली कुणी तुमाला?"

"ते सांगता येणार नाही, सर."

बावीस सामन्यांवर तिनं पुन्हा आकडे फिरवले. माले शून्य पूर्णांक पंचवीस, पाचवं. तिचं कॉलेज शून्य पूर्णांक छप्पन्न, चौथं. दुपारी तिनं दुरुस्त यादी टाकली, खाली कारण लिहिलं, नियमाचा क्रमांक लिहिला, पंचांनी दुजोरा दिल्याचं लिहिलं. ग्रुपवर पाच मिनिटांत चाळीस मेसेज आले. त्यानंतर एकही आला नाही, आणि ते चाळिसांपेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मृण्मयी मॅडमनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता.

"मला खात्री होती," त्या म्हणाल्या. "तू समजूतदार आहेस."

"मॅडम, मी आपल्यासाठी नाही केलं. तो सामना पूर्ण झाला नव्हता."

"अगदी बरोबर. तसंच सांगायचं सगळ्यांना." त्यांनी बॉक्स पुढं सरकवला.

शुभांगीनं पेढा घेतला. नाही म्हटलं असतं तर त्याचाही काही अर्थ काढला गेला असता. पेढा तिनं रुमालात गुंडाळला आणि दिवसभर तो पर्समध्ये तसाच राहिला.

जालिंदर आला तो त्याच दिवशी दुपारी. मोटारसायकल कॉलेजच्या फाटकातच लावून तो पायऱ्यांशी उभा राहिला. आत चला म्हटलं तरी आला नाही. चाळिशीचा, रापलेला, खेळाडूच्या बांध्याचा माणूस. आवाज त्यानं चढवला नाही.

"सोमवारी चौथे आन् मंगळवारी पाचवे. दोन दिसांत आमच्या पोरी खेळायला इसरल्या का?"

"सर, सामना एक्केचाळीस मिनिटांचा झाला. तुम्ही तिथं होता."

"व्हतो. माशी मलाच चावली." त्यानं डोळ्याखाली बोट लावलं. "पर कागदावर पंचाची सही हाय. दोन्ही कप्तानांची सही हाय. मंग त्यो कागद दोन महिने चालला आन् तुमचं कॉलेज पाचवं आलं तवाच कसा खोटा पडला?"

"मला मंगळवारी कळलं."

"कुणी सांगितलं?"

"ते नाही सांगणार."

"नेऱ्यावाल्यांनी?"

"सर, मी नाव सांगणार नाही. कुणाचंच नाही."

"मंग तुमीच उकरून काढलं असं समजायचं का आमी?"

तिला वाटलं, एक वाक्य बोललं तर सगळं मिटेल. तुमच्या पुतणीला विचारा, एवढंच. ते वाक्य तिच्या तोंडात अगदी तयार होतं. ती म्हणाली, "समजा."

 "आमच्या पोरींना बूट न्हाईत धड," तो म्हणाला. "तीन जनी एकमेकींचे घालून खेळत्यात. तरी नेऱ्याला अडवलं व्हतं. तुमी कुटं व्हता तवा? हितं, पंख्याखाली." मग तो मोटारसायकलकडं गेला. चालू करताना पहिल्या दोन किकला ती लागली नाही आणि त्या अर्ध्या मिनिटात दोघंही एकमेकांकडं न पाहता उभे राहिले.

घोटावड्यात बातमी तिच्या आधी पोचली होती. गेणबांना दुधाच्या डेअरीवर कुणीतरी विचारलं होतं, तुमच्या लेकीनं म्हणे आकडा फिरवला. रात्री जेवताना त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "खोटं केलंस का?"

"नाही."

"मंग भाकरी खा."

आई असती तर चार प्रश्न जास्त विचारले असते. गेणबांनी एवढ्यावर विषय संपवला आणि शुभांगीला तेवढंच पुरलं.

रविवारी पिरंगुटच्या मैदानावर उपांत्य सामने झाले. शुभांगी तिच्या कॉलेजच्या मुलींबरोबर गेली. जावं की नाही यावर तिनं फार विचार केला नाही. न जाणं म्हणजे पळणं, असं तिला वाटलं. चौथ्याचा सामना पहिल्याशी, म्हणजे नेऱ्याशी. आकड्यांप्रमाणे नेरं दीडेक गोलानं वरचढ होतं. झालं भलतंच. मध्यंतरापर्यंत तीन, शेवटी पाच-शून्य. तिच्या कॉलेजची गोलकीपर चौथ्या गोलानंतर रडायला लागली आणि रडत रडतच खेळली. कडेला उभी असलेली पोरं ओरडत होती, "चौथा नंबर बघा, चौथा!" शुभांगीला ऐकू यावं अशा बेतानं. एक सामना म्हणजे सरासरी नव्हे, हे तिला पाठ होतं. पण तिथं उभं राहून ते कुणाला सांगणार?

माल्याच्या मुलीही बघायला आल्या होत्या, एका टेम्पोतून. त्या एका कडेला गटानं बसल्या होत्या. त्यांच्यात करिष्मा होती. एकदा तिची आणि शुभांगीची नजरानजर झाली. करिष्मानं मान खाली घातली आणि बुटाच्या नाडीशी चाळा करत बसली. शुभांगी दुसरीकडं पाहू लागली. दोघी बोलल्या नाहीत. त्या दिवशी तेच योग्य होतं.

परतताना शुभांगीला स्वतःचाच थोडा अचंबा वाटला. तिला वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप शोधून सापडत नव्हता. सोमवारी जिचं सगळ्यांनी कौतुक केलं ती यादी चुकीची होती, मंगळवारी जिला सगळ्यांनी शिव्या दिल्या ती बरोबर होती, आणि दोन्ही तिनंच केल्या होत्या, एकाच पद्धतीनं. याचं करायचं काय, हे तिला कळलं नाही. मग तिनं ते सोडून दिलं आणि सोमवारच्या तासाची तयारी केली.

अंतिम सामना नेऱ्यानं जिंकला. चषक, फोटो, भाषणं झाली. मृण्मयी मॅडमनी पुन्हा कधी विषय काढला नाही. स्टाफरूममध्ये एक-दोघं काही दिवस 'शतांश मॅडम' म्हणत, मग तेही मागं पडलं. पौडच्या बाजारात जालिंदर एकदा समोरून आला आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. शुभांगी घरामागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. आधी तो हवा-पाण्याचं काही बोलला. मग एकदम म्हणाला, "करिष्मानं सांगितलं."

शुभांगीनं सूप खाली ठेवलं. "कधी?"

"झाला आठवडा. सराव झाल्यावर समद्या पोरींना गोल बसवलं आन् उभी ऱ्हाऊन सांगितलं. मी मॅडमच्या कॉलेजात गेले व्हते, तेंना मीच सांगितलं, म्हनली. मला वायलं न्हाई सांगितलं. पोरींबरूबरच ऐकलं मी."

"मग?"

"मंग काय. दोगी जनी बोलत न्हाईत तिच्याशी. एक तर म्हनली, तुला संघात ठिवायचं का न्हाई ते बघू. मी बी चार दिस न्हाई बोललो. म्हातारी म्हनली, पोरीला जेवू तरी घाल."  मागं कुठंतरी शेरडं ओरडत होती. "त्या कागदावर माझी सही न्हवती, मॅडम. पर मी तितं व्हतो. पोरीनं सही केली तवा मी डोळा धरून बसलोवतो, आन् दुसऱ्या डोळ्यानं बघत व्हतो."

 त्यानं माफी मागावी अशी तिची अपेक्षा नव्हती आणि तो मागणारही नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"करिष्मा खेळतेय ना?" तिनं विचारलं.

"खेळतीया की. तिच्याबिगर गोलात कोन उभं ऱ्हानार? ज्या दोगी बोलत न्हाईत त्यातली एक बचावाला असती. मैदानात 'माझा, सोड' एवढं ओरडत्यात एकमेकींवर. तेवढं चालतंय."

मग तो म्हणाला, "एक सांगायचं व्हतं. म्होरल्या साली त्या कागदावर मिंटं लिवायला रकाना ठिवा. निकाल लिवायच्या आधी. म्हंजी कुना पोरीवर असली येळ येनार न्हाई."

"ठेवते."

"बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

जूनमध्ये हैबतरावांनी नव्या हंगामाचे फॉर्म छापायला काढले तेव्हा शुभांगीनं तो रकाना घातला. समितीत कुणीतरी विचारलं, एवढ्याशा गोष्टीला वेगळी जागा कशाला. हैबतरावांनी फॉर्म पुढं सरकवला. गेल्या हंगामाची यादी दप्तरात लावायची होती, तीही तिनं त्याच दिवशी सही करून दिली. त्यात माल्याच्या संघाचा नंबर पाचवा होता.